बालाघाटावरची वीज

बीड जिल्ह्याचे दोन भाग पडतात. उत्तरेला गोदावरीकाठची सखल, काळी, खोल जमीन आणि दक्षिणेला बालाघाटाचे उंच, हलक्या जमिनीचे, वाऱ्याचे पठार. केज तालुक्यातील नांदूरघाट हे गाव या दुसऱ्या भागात येते. वीजनिर्मितीच्या तीन पद्धती आज या एकाच जिल्ह्यात शेजारी नांदतात. पूर्वेला परळीत १९७१ पासून दगडी कोळशावर चालणारे औष्णिक केंद्र आहे. पाटोदा, बीड, केजपासून शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील भूम-वाशीपर्यंतच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. महावितरणच्या उपकेंद्रांच्या आसपास सौर प्रकल्पांसाठी जागा शोधल्या जात आहेत. विकसनशील देशांतील ऊर्जाबदलाची चर्चा बहुधा गिगावॅट आणि कार्बन या दोन मापांत होते. ही मापे खोटी नाहीत, पण बालाघाटासारख्या भागात त्यांनी फारसे काही उलगडत नाही. तिथे तीन प्रश्न निर्णायक ठरतात: वीज दिवसाच्या कोणत्या वेळी मिळते, ती तयार करायला पाणी किती लागते आणि जमीन व करार कोणाच्या हाती राहतात.

श्रीमंत देशांत विजेची मागणी बरीच वर्षे जवळपास स्थिर राहिली. त्यामुळे तिथे नवा प्रकल्प आला की जुना बंद करता येतो. भारतात मागणीच वाढती आहे. ३० मे २०२४ रोजी देशाची कमाल मागणी सुमारे २५० गिगावॅटवर, म्हणजे अडीच लाख मेगावॅटवर पोहोचली. इथला नवा प्रकल्प जुन्याच्या जागी कमी आणि जुन्याच्या शेजारी जास्त येतो. ग्लासगोच्या हवामान परिषदेत नोव्हेंबर २०२१ मध्ये भारताने २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमता उभारण्याचे आणि २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याचे जाहीर केले. देशाच्या एकूण स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्मा झाल्याची घोषणा जुलै २०२५ मध्ये झाली. ही मोठीच मजल आहे. तरीही प्रत्यक्ष तयार होणाऱ्या युनिटांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक अजून कोळशातून येतात. महाराष्ट्रातला एक मेगावॅटचा सौर प्रकल्प वर्षाला साधारण १६ लाख युनिट देतो. एक मेगावॅट कोळसा संच ६५ टक्के भाराने चालला तर ५७ लाख युनिटांच्या आसपास देतो. स्थापित क्षमतेचे आकडे वाचताना हा फरक सुटला की सरकारी जाहिरातही फसवी वाटू लागते आणि तिच्यावरची टीकाही.

मराठवाड्यात कोळशाच्या विजेची खरी अडचण धुरापेक्षा पाण्याची आहे. परळीच्या केंद्राला गोदावरीवरील खडका बंधाऱ्यातून पाणी येते आणि ते कमी पडले की माजलगाव धरणाकडे पाहावे लागते. २०१३ च्या फेब्रुवारीत दुष्काळामुळे हे केंद्र बंद ठेवावे लागले. २०१५ च्या उन्हाळ्यानंतर पाण्याअभावी ते पुन्हा दीर्घकाळ थांबले. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांसाठी पाणीवापराची मर्यादा घातली, ती दर मेगावॅट-तासाला साडेतीन घनमीटर, म्हणजे एका युनिटमागे साडेतीन लिटर. परळीतला २५० मेगावॅटचा एक संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालला तर या हिशेबाने दोन कोटी दहा लाख लिटर पाणी लागते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावू लागली. पुढे तिच्या पन्नास वाघिणींतून एका खेपेला सुमारे २५ लाख लिटर पाणी येत असे. म्हणजे एका संचाची एका दिवसाची तहान अशा आठांहून अधिक गाड्यांची. त्या वर्षी ज्या मांजरा धरणाने तळ गाठल्यामुळे लातूरवर ही पाळी आली, ते धरण केज तालुक्यातच, धनेगावला आहे.

परळीचे केंद्र उभे राहिले तेव्हा मराठवाड्याच्या मागासपणावरचा तो एक उपाय मानला गेला आणि त्या काळाच्या हिशेबाने ते चूकही नव्हते. रोजगार आला, बाजारपेठ वाढली, विजेचे जाळे पसरले. मात्र कोळसा बाहेरून रेल्वेने यायचा आणि पाणी मराठवाड्याच्याच ताटातले जायचे, ही रचना पावसावर अवलंबून होती. पवनचक्की किंवा सौर पॅनेलला पाणी जवळजवळ लागतच नाही. पॅनेल धुण्यापुरते लागते तेवढेच. दुष्काळी भागाला एवढे एक कारणही बदलासाठी पुरेसे आहे, हवामानबदलाचा विषय बाजूला ठेवला तरी.

दुसरा प्रश्न वेळेचा. महाराष्ट्रात चाळीस लाखांहून अधिक कृषिपंपांच्या जोडण्या आहेत. त्यांना थ्री फेज वीज पाळीने मिळत आली: आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास, उरलेले दिवस रात्री आठ ते दहा तास. ही पाळी शेतकऱ्याच्या सोयीने ठरलेली नव्हती. कोळशाचा बॉयलर हवा तेव्हा विझवता आणि पेटवता येत नाही. रात्री कारखाने, कार्यालये, दुकाने बंद झाली की मागणी घसरते आणि तरी संच चालूच ठेवावे लागतात. ती उरलेली वीज कुठे तरी खपवायची म्हणून शेतीपंपांना रात्र मिळाली. शहरांना दिवसा अखंड वीज मिळावी आणि संच बंद पडू नयेत, याची किंमत जानेवारीच्या थंडीत रात्री दोन वाजता ज्वारीला किंवा हरभऱ्याला पाणी देणाऱ्या माणसाने मोजली. साप, विंचू, बिबट्या, ओल्या हाताने फ्यूज घालताना बसणारा झटका हे धोके निराळेच. ग्रिडचा तोल सांभाळण्यात कृषिपंपांचा वाटा केवढा मोठा होता, याची नोंद वीजक्षेत्राच्या इतिहासात क्वचितच आढळते.

सौरऊर्जेने हे गणित उलटे केले. आता स्वस्त वीज दुपारी तयार होते आणि ती खपवण्याचा प्रश्न दुपारी पडतो. शेतीपंप हे त्यासाठी सर्वांत सोयीचे गिऱ्हाईक. दिव्याला संध्याकाळीच वीज लागते, पिठाच्या गिरणीला गिऱ्हाईक असेल तेव्हा, पण विहिरीतले पाणी सकाळी अकराला उपसले काय आणि दुपारी तीनला उपसले काय, पिकाला फारसा फरक पडत नाही. उपसलेले पाणी शेततळ्यात साठवता येते, जमिनीतही मुरून राहते. बॅटरीवर जो खर्च करावा लागला असता तो इथे बऱ्याच अंशी वाचतो. विकसनशील देशांच्या ऊर्जाबदलात सिंचन हे ओझे समजले जाते. दिवसा वळवले तर ती जमेची बाजू आहे.

महाराष्ट्राने हा विचार धोरणात आणला तो २०१७ मध्ये, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि पुढे उद्दिष्ट सोळा हजार मेगावॅटवर नेले गेले. कल्पना साधी आहे. ज्या उपकेंद्रातून शेतीचे फीडर, म्हणजे पंपांना वीज नेणाऱ्या वाहिन्या, निघतात त्याच्या पाच-दहा किलोमीटरच्या आत काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि तिथली वीज त्याच फीडरवर सोडायची. वीज दूरवरून वाहून आणावी लागत नाही, त्यामुळे वहनातली गळती घटते. शेतकऱ्याला आपली मोटर किंवा स्टार्टर बदलावा लागत नाही. खासगी जमीन भाड्याने दिल्यास हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि त्यावर दरवर्षी तीन टक्के वाढ, ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरसाल पाच लाख रुपये, अशी तरतूद आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये एकूण १९ मेगावॅटच्या पहिल्या पाच प्रकल्पांचे लोकार्पण झाले. त्यांत वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव हे मराठवाड्यातले एक. पाच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला की तीस युनिट खातो. त्या हिशेबाने एक मेगावॅटचा प्रकल्प साधारण दीडशे पंपांची रोजची गरज भागवतो आणि त्यासाठी चार-पाच एकर जागा लागते. नांदूरघाटसारख्या मोठ्या गावाच्या शिवारासाठी हे आवाक्यातले माप आहे. हजारो एकरांवरच्या राजस्थानी सौर उद्यानांची नक्कल इथे करण्याचे कारण नाही.

याला समांतर एक दुसरी वाट आहे: प्रत्येक शेतकऱ्याला स्वतंत्र सौरपंप. २०१९ च्या केंद्राच्या कुसुम योजनेपासून २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेपर्यंत तिचा विस्तार झाला. शेतकऱ्याने दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के भरायचे, बाकी अनुदान. जमीन अडीच एकरांपर्यंत असेल तर तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात. डीपी जळाला म्हणून पंधरा-पंधरा दिवस थांबणे नको, वायरमनच्या मागे फिरणे नको. त्यामुळे ही योजना लोकप्रिय होणारच होती. तरी तुलनेत फीडरची वाट अधिक शहाणपणाची वाटते. सुटा पंप वर्षातले बरेच दिवस मोकळा पडून असतो. पावसाळ्यात आणि पिके निघाल्यावर त्याच्या पॅनेलवर पडलेले ऊन वाया जाते. फीडरवरच्या प्रकल्पाची उरलेली वीज मात्र गावठाणात किंवा तालुक्याच्या ठिकाणी वापरली जाते.

शिवाय भूजलाचा मुद्दा आहे. बालाघाटाचा खडक बेसाल्टचा. पाणी मुरते ते भेगांतून आणि थोडेच. दिवसा, फुकट आणि भरपूर वीज मिळाली की उपसा वाढतो. बोअर दोनशे फुटांवरून सहाशे फुटांवर जातो आणि उसाचे क्षेत्र वाढते. आजवर बेभरवशाची वीज हाच उपशावरचा एक अघोषित लगाम होता. तो काढायचा तर दुसरा बसवायला हवा. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील धुंडी गावात २०१६ मध्ये सौरपंपधारक शेतकऱ्यांची सहकारी संस्था सुरू झाली. तिचे सभासद सिंचनातून वाचलेली वीज ग्रिडला विकतात. पाणी उपसण्यापेक्षा वीज विकणे काही वेळा परवडते, हे एकदा हिशेबात आले की उपशाला आपोआप किंमत लागते. सहकाराची एवढी परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्राने हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर आपलासा केलेला नाही. पाण्याच्या संकटाशी इतका जवळचा संबंध असलेला उपाय साखर कारखान्यांच्या राज्यात दुर्लक्षिला जावा, हे योगायोगाने घडलेले दिसत नाही.

बिलाचा प्रश्न याहून अवघड आहे. जुलै २०२४ मध्ये राज्याने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षे, मार्च २०२९ पर्यंत, मोफत वीज जाहीर केली. सुमारे ४४ लाख पंपांसाठी वर्षाला १४,७६० कोटी रुपयांचा भार धरला गेला. याआधीही शेतीची वीज स्वस्तच होती. तिचा तोटा कारखाने आणि दुकाने चढ्या दराने भरून काढत. आता त्या कारखान्यांच्याच छपरांवर सौर पॅनेल आले आणि त्यांची महावितरणकडची खरेदी घटू लागली. सौर कृषी वाहिनीतून मिळणारी वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते, म्हणून अनुदानाचा डोंगर कमी करण्याचा तो खरा मार्ग आहे. मात्र मोफत विजेची मुदत संपेपर्यंत हा तोटा भरून निघाला नाही तर पेच वाढेल. पाकिस्तानात त्याचे रूप दिसले आहे. ग्रिडची वीज महागल्याने सधन घरे आणि कारखान्यांनी अलीकडच्या वर्षांत चिनी पॅनेल प्रचंड प्रमाणात आणले. एकट्या २०२४ मध्ये सुमारे १७ गिगावॅटची आयात झाली. जुन्या केंद्रांशी केलेल्या करारांचे ठरावीक पैसे द्यावेच लागत असल्याने तो बोजा ग्रिडवर उरलेल्या, तुलनेने गरीब ग्राहकांवर पडला. बांगलादेशाची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. २००३ पासून तिथे चाळीस लाखांहून अधिक घरांना हप्त्यावर लहान सौर संच दिले गेले. पुढे ग्रिड गावोगाव पोहोचले तेव्हा त्यांतले बरेच संच अडगळीत गेले. ग्रिड आणि सूर्य यांची सांगड आधी घातली नाही तर पैसा दोनदा खर्च होतो.

करारांच्या बाबतीत महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव मोठा आहे. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प हा नैसर्गिक वायूसाठी आखलेला, पण त्याचा धडा इंधनापुरता नाही. डॉलरशी बांधलेला दर आणि वीज घेतली नाही तरी पैसे देण्याची अट यामुळे १९९९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या टप्प्याची वीज दोनच वर्षांत राज्य वीज मंडळाला परवडेनाशी झाली आणि मे २००१ मध्ये खरेदी थांबली. सौर आणि पवन प्रकल्पांतही खर्चाचा बहुतेक भाग सुरुवातीलाच होतो; ऊन आणि वारा फुकट, कर्ज मात्र महाग. युरोपात जे पॅनेल आहे तेच आफ्रिकेत किंवा भारतात लावले तरी व्याजदरामुळे युनिटची किंमत बदलते. जवाहरलाल नेहरू सौर अभियान २०१० मध्ये सुरू झाले तेव्हा सौर विजेचे दर युनिटला दहा रुपयांच्या वर होते. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला इथे लिलावात २ रुपये ४४ पैशांचा दर आला. या घसरणीत चीनमधील स्वस्त उत्पादनाइतकाच लिलावाच्या पद्धतीचा आणि देयकाच्या सरकारी हमीचा वाटा आहे. वितरण कंपनी वेळेवर पैसे देईल अशी खात्री नसेल तर तीच वीज पुन्हा महागते.

पवनचक्क्यांचा इतिहास याहून कमी उजळ आहे. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर आणि धुळे जिल्ह्यातील साक्री भागात त्या उभ्या राहिल्या तेव्हा अनेक गुंतवणूकदारांना विजेपेक्षा वेगवान घसाऱ्यातून मिळणारी करसवलत प्यारी होती. पाते फिरले किती यापेक्षा खांब उभा राहिला कधी, याला महत्त्व आले. निर्मितीनुसार प्रोत्साहन देण्याची पद्धत २००९ मध्ये आली. दरम्यान दुष्काळात पवनचक्क्या ढग पळवतात अशी समजूत काही भागांत पसरली. शास्त्राच्या दृष्टीने तिला आधार नव्हता, पण डोंगरावरून दूर कुठे तरी वीज जाते आणि गावात मात्र भारनियमन, ही तक्रार त्या समजुतीच्या पोटात होती.

बालाघाटाच्या वाऱ्याला एक गुण आहे. तो जून ते सप्टेंबर जोरात वाहतो, म्हणजे ढगांमुळे सौर निर्मिती मंदावते नेमकी तेव्हा, आणि संध्याकाळनंतरही वाहतो. पंपांना वीज लागते ती नोव्हेंबर ते मे. तेव्हा ऊन आहे. दोन्ही मिळून वर्ष बरेचसे भरते. संध्याकाळी सहा ते दहाची मागणी तेवढी उरते. तिच्यासाठी साठवणूक लागते आणि सह्याद्रीची उंची तिथे कामी येते: घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प मागणी कमी असताना पाणी वर चढवून गरजेच्या वेळी खाली सोडतो. अशा आणखी प्रकल्पांसाठी राज्याने डिसेंबर २०२३ मध्ये धोरण आणले. तोवर संध्याकाळ कोळशाचीच राहणार, म्हणून परळीचे नवे संच एकाएकी बंद होणार नाहीत.

जमिनीचा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला जातो आणि भांडणे तिथूनच सुरू होतात. पवनचक्कीच्या पायाला जागा थोडी लागते, पण रस्ता, क्रेनचा तळ आणि उच्चदाब वाहिनीचे मनोरे शेकडो शेतांतून जातात. वीज कायदा २००३ च्या कलम १६४ नुसार वाहिनी टाकणाऱ्याला १८८५ च्या तार कायद्याचे अधिकार देता येतात. मग शेतकरी मोबदला मागू शकतो, नकार देऊ शकत नाही. जिथे मोबदल्याचा दर गावात कोणालाच नक्की माहीत नसतो तिथे मध्यस्थ तयार होतात आणि जिथे कंपनीला काम वेळेत संपवायचे असते तिथे दहशतीला भाव येतो. केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. तपास यंत्रणेच्या आरोपपत्राने या हत्येचा संबंध पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी जोडला आहे. खटला न्यायप्रविष्ट आहे. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. ऊर्जाधोरणाच्या दृष्टीने एवढे मात्र आताच दिसते की करार आणि मोबदल्याचे दर ग्रामसभेसमोर खुले असते तर अशा व्यवहारांना लपायला जागा कमी मिळाली असती.

भाड्याचा पैसाही सारखा वाटला जात नाही. तो सातबारावर नाव असलेल्याला मिळतो. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसऱ्यानंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे जाणाऱ्या कुटुंबांपैकी अनेकांकडे जमीन नाही किंवा असून नसल्यासारखी. उभारणीच्या काळात काही महिने खड्डे खणण्याचे, कुंपणाचे काम मिळते. नंतर चार-सहा रखवालदार पुरतात. सौर प्रकल्पांसाठी सरकारी जमीन शोधताना नजर गायरानाकडे जाते, आणि मराठवाड्यात गायराने ओस पडलेली नाहीत. १९६४ च्या दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून दलित आणि भटक्या कुटुंबांनी ती कसली आहेत. काहींची अतिक्रमणे नियमित झाली, कित्येकांची कागदावर अजून बेकायदा आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपाल सिंग निकालानंतर अशी सामाईक जमीन कसणाऱ्यांची बाजू आणखी कमकुवत झाली. मोजणी नकाशात मोकळी दिसणारी पडीक जमीन प्रत्यक्षात कोणाच्या शेळ्यांचे रान असते, तर कोणाची दोन एकर ज्वारी. अशा कुटुंबांना प्रकल्पात भाडेकरूइतका तरी हक्क देण्याची तरतूद आज योजनेत नाही, आणि ती आणणे अवघडही नाही: ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या रकमेचा ठरावीक वाटा त्यांच्या नावे करता येतो.

उरतो तो करार संपल्यानंतरचा काळ. सौर प्रकल्पांचे करार पंचवीस वर्षांचे असतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलांचा समावेश आहे आणि २०३४-३५ पर्यंत निघालेले पॅनेल उत्पादकांनी नियमांनुसार साठवून ठेवायचे आहेत. पवनचक्कीचे लोखंड भंगारात विकले जाते. तंतुकाचेची पाती मात्र सहज वितळत नाहीत, आणि पायातले शेकडो घनमीटर काँक्रीट शेतातच राहते. ते काढून जमीन नांगरण्याजोगी करून देण्याचा खर्च कंपनीने करायचा की मालकाने, हे भाडेकरारात स्पष्ट लिहिलेले नसेल तर तो मालकाच्या वारसांवर येतो. त्यासाठीची रक्कम करार होतानाच अनामत म्हणून ठेवून घेण्याची अट राज्य घालू शकते. खाणींच्या बाबतीत खाण बंद करण्याच्या आराखड्यासोबत आर्थिक हमी घेण्याची पद्धत भारतात आधीपासून आहे.